पडद्याची एस.टी.

खेळांसाठी खास मॉनिटर घेतलेल्या गृहस्थाला सहज विचारावे, "किती हर्ट्झचा?" तो छाती फुगवून सांगतो, "एकशे चव्वेचाळीस!" मग हळूच त्याच्या विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगात डोकवावे. पुष्कळदा तिथे ६० असते. म्हणजे फर्स्ट क्लासचा पास काढून हा सेकंडच्या डब्यात लोंबकळतोय, आणि वर प्रवास कसा मऊ होतो ते आपल्याला ऐकवतोय!

कल्पना मात्र झकास आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुना मॉनिटर म्हणजे मुंबईची लोकल. सेकंदाला ६० गाड्या, ठोक्याला सुटणार. ग्राफिक्स कार्डाला कसले आले वेळापत्रक? शत्रू एकटा असला की चित्र झटकन तयार, वीस जण अंगावर आले की रखडले. मग ते बिचारे चालत्या गाडीत उडी मारते. पडद्यावर वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा, मधे चीर. त्यावर उपाय म्हणून व्ही-सिंक आले. चालत्या गाडीत चढायचे नाही, चुकली तर पुढची! चीर गेली, हिसके आले. शिवाय बटण दाबल्यावर तलवार सावकाश उठू लागली. तोवर आपले मुंडके गेलेले.

अडॅप्टिव्ह सिंक ही गावाकडची एस.टी. पाटील धोतर सावरत येताना दिसले की ड्रायव्हर थांबतो. चित्र तयार झाले की मगच पडदा बदलतो. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक जाहीर केले. त्याला मॉनिटरमध्ये निराळे मोड्यूल लागे, अर्थात निराळे पैसेही. २०१४ साली व्हेसा या संस्थेने तशीच सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली. तिच्यावर एएमडीचे फ्रीसिंक उभे राहिले, आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही तसल्या मॉनिटरांशी बोलू लागली. पाच-सहा वर्षांत अबोला सुटला. आमच्या भाऊबंदकीत याहून जास्त लागतात.

माझे भांडण पुढेच आहे. ही एस.टी. थांबावी म्हणून तीन कचेऱ्यांत अर्ज करावा लागतो. एक मॉनिटरच्या मेनूत (त्याची बटणे पडद्यामागे, चाचपडत शोधायची), दुसरा कार्डाच्या पॅनेलात, तिसरा विंडोजमध्ये. एका कचेरीने अर्ज दाबून ठेवला तरी बाकीच्या दोन चकार शब्द काढत नाहीत.

बरे, एस.टी.च्याही हद्दी असतात. समजा ४८ ते १४४. चित्रे १४४ च्या वर गेली की एस.टी.ची पुन्हा लोकल होते. म्हणून फ्रेमची मर्यादा १४१ च्या आसपास बांधावी, व्ही-सिंक पॅनेलात चालू आणि खेळात बंद ठेवावे. ४८ च्या खाली तेच चित्र दोनदा दाखवून वेळ निभावता येते, पण वरची हद्द खालचीच्या निदान दुप्पट असेल तरच. ४८ ते ७५ वाल्याला ते जमायचे नाही. आणि खोक्यावर 'फ्रीसिंक' केवढ्या तरी अक्षरात. हद्द शोधायला भिंग घ्या! ओव्हरड्राइव्हला 'एक्स्ट्रीम' म्हणणाऱ्याचेही एकदा तोंड पाहायचे आहे. ते लावले की पळत्या वीरामागे त्याचे फिकट भूत पळते.

२०२२ साली व्हेसाने अडॅप्टिव्ह सिंकसाठी बोधचिन्ह सुरू केले. त्याची चाचणी मॉनिटर कारखान्यातून निघतो त्याच सेटिंगांवर होते. कुणाला तरी एकदाचे सुचले! दुकानात ते चिन्ह मागावे. दुकानदार मागच्या बाजूचे रंगीत दिवे दाखवील. ते भिंतीसाठी असतात.