‘काटकसरी जनुक’ ते ‘कृश-स्थूल बालक’ : पोटावरील मेदाच्या आनुवंशिक मीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना :

हातपाय बारीक, पण पोट सुटलेले, ही देहठेवण भारतीयांत सर्रास आढळते. तिचे कारण म्हणून ‘आनुवंशिकता’ हा एकच शब्द पुढे केला जातो. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :

जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळात तगून राहण्यास उपयुक्त ठरलेले जनुक सुबत्तेच्या काळात मधुमेहास कारण होते, असे तिचे सार आहे. परंतु मेद पोटावरच का साठतो, मांड्यांवर का नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ही उणीव पुढे अंशतः भरून निघाली. २०१५ मध्ये ‘जायंट’ या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने कंबर-नितंब गुणोत्तराशी निगडित ४९ जनुकीय स्थाने नोंदविली. त्यांपैकी २० स्थानांचा प्रभाव स्त्री-पुरुषांत भिन्न होता आणि तो बहुतांशी स्त्रियांत अधिक होता. मात्र अभ्यासलेल्या व्यक्ती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या होत्या.

महाराष्ट्रापुरता विचार करता पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य मूलगामी आहे. २००४ मध्ये त्यांनी व जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता; मात्र शरीरातील मेद याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यामध्ये ९.१ टक्के होता. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती, तरी पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता.

जे जन्मतः दिसते ते जनुकीयच, असा निष्कर्ष येथे काढणे घाईचे ठरेल. गर्भाशय हेही एक पर्यावरणच आहे. याच अभ्यासातील २००८ च्या निष्कर्षांनुसार, ज्या गर्भवतींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला. अर्थात, दोन देशांतील बालकांच्या तुलनेतून जनुक व पोषण यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत, ही या संशोधनाचीही मर्यादा होय.

समारोप :

आनुवंशिकता मेदाच्या जागेचा कल ठरविते. परंतु तिलाच सर्वस्व मानल्यास गर्भवतीच्या आहाराचा प्रश्न दृष्टिआड होतो. जयसिंगपूरसारख्या निमशहरी भागातील आरोग्य तपासणीत वजनासोबत कंबरेचा घेरही नोंदविला जाणे आणि मुलींच्या पोषणाकडे विवाहापूर्वीपासूनच लक्ष दिले जाणे, हे या चिकित्सेतून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष होत.