फास्ट, फर्म आणि किरमिजी

इंग्रजी वाचू लागलो तेव्हा ‘फास्ट’ म्हणजे जलद, एवढेच मला ठाऊक होते. त्यामुळे एका गोष्टीतला ‘फास्ट अस्लीप’ माणूस पडल्या पडल्या झोपी गेला, असा अर्थ मी लावला. खरा अर्थ होता, गाढ झोपलेला. धावत्या लोकलला लागणारा शब्द निपचित पडलेल्या माणसालाही कसा लागतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का असाच होता. जर्मन ‘फेस्ट’ने तो आजही राखला आहे. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे आपली जागा न सोडणारा. उपवासाचा ‘फास्ट’ही याच घरातला, नियम घट्ट धरण्यावरून तो अन्न वर्ज्य करण्यावर आला. क्रियाविशेषण होताना अर्थ ‘घट्ट’वरून ‘जोराने’कडे आणि तिथून ‘वेगाने’कडे सरकला. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. जोर म्हणजे बळ, तरी ‘जोरात पळ’ म्हणताना आपल्याला वेगच अभिप्रेत असतो. जुना अर्थही मेलेला नाही. ‘कलर फास्ट’ कापडाचा रंग पळत नाही, टिकतो.

‘फर्म’ या शब्दापाशी आपल्याकडचे व्युत्पत्तिप्रेमी हमखास थबकतात. त्याचे मूळ लॅटिन ‘फिर्मुस’, आणि त्याचे नाते आपल्या ‘धृ’ धातूशी, म्हणजे ‘धर्मा’शी. नाते खरे आहे. संस्कृत ‘धूम’ आणि लॅटिन ‘फूमुस’ या जोडीतही आरंभीच्या ‘ध’समोर असाच ‘फ’ उभा आहे. पण यावरून ‘इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम समान असावा आणि तो कदाचित आज उरलेला नसावा, असे सुचवले होते. म्हणजे नाते भावंडांचे आहे, मायलेकींचे नव्हे. शिवाय व्यापारातली ‘फर्म’ आली ती इटालियन ‘फिर्मा’वरून, म्हणजे सहीवरून. सहीने कागद पक्का होतो. पुढे ज्या नावाने सही व्हायची, त्या पेढीलाच तो शब्द लागला. पेढीची पाटी पाहून धर्म आठवण्याचे कारण नाही.

संस्कृतचे खरे देणे पाहायचे असेल तर ‘इनग्रेन्ड’च्या मागे जावे. भूमध्य सागराभोवतीच्या ओक झाडांवरचे किडे वाळवून तांबडा रंग काढत. वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसत, म्हणून त्या रंगाला ‘ग्रेन’, दाणा, हे नाव पडले. त्यात रंगवलेले कापड सहसा विटत नसे. त्यावरून ‘इनग्रेन्ड’ म्हणजे आत भिनलेले. याच किड्याचे अरबी नाव ‘किर्मिझ’. त्यावरून इंग्रजीत ‘क्रिम्झन’ आणि आपल्याकडे ‘किरमिजी’ आले, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘कृमिज’ मानतात. इथे शब्द वारशाने नव्हे, मालाबरोबर गेला. ‘फर्म’ आणि ‘धर्म’ यांच्यात असा प्रवास झालेलाच नाही. वारसा आणि उसनवारी यांतला हा भेद पुसला, की व्युत्पत्ती हे शास्त्र न राहता अभिमानाचा खेळ होतो. हौशी अभ्यासक म्हणून मीही तो पुष्कळ खेळलो आहे.

आणि मूळ अचूक सापडले, तरी आजचा अर्थ हाती लागतोच असे नाही. ‘फर्म’ निर्णय धार्मिक होत नाही, ‘इनग्रेन्ड’ पूर्वग्रहात दाणा दिसत नाही. अनुवाद करताना यांपैकी कशालाही सरसकट ‘दृढ’ म्हणून मोकळे होणे सोपे. पण आपण झोपेला गाढ म्हणतो, रंगाला पक्का, निर्णयाला ठाम आणि पूर्वग्रहाला मुरलेला. ही निवड धातुपाठ शिकवत नाही. ती रोजच्या बोलण्यात कान देऊन ऐकावी लागते.