एच-टू-एस बाटली : जलद जीवाणू-परीक्षणाच्या एका पद्धतीची चिकित्सा

पाण्यातील विष्ठाजन्य प्रदूषण ओळखण्याची एक सोपी क्षेत्रीय चाचणी मांजा, मौर्य व राव या ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली. पोषकद्रव्यात भिजवून वाळविलेली कागदी पट्टी बाटलीत असते. तीत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवल्यावर जीवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड निर्माण केल्यास लोह-सल्फाइडमुळे पाणी काळे पडते. बहुनलिका पद्धतीत प्राथमिक व पुष्टीकरण हे टप्पे मिळून चार दिवसांपर्यंत कालावधी जातो. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचविण्याची यातायात वेगळीच. खामगाव तालुक्यातील गावी जलसुरक्षकाच्या हाती अशी बाटली असणे म्हणूनच मोलाचे. तिचे खरे श्रेय वेगापेक्षा ही वाहतूक टाळण्यात आहे.

तथापि 'बाटली काळी झाली नाही, म्हणजे पाणी शुद्ध' हा निष्कर्ष टिकणारा नाही. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. मूळ चाचणीत मात्र पाणी घेतले जाते २० मिलिलिटर. १०० मिलिलिटरमध्ये ५ जीवाणू विखुरलेले असतील, तर बाटलीत सरासरी १ येतो आणि प्वासाँ वितरणानुसार एकही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. दूषित विहिरीला अशा रीतीने निर्दोषत्वाचा दाखला मिळू शकतो. शिवाय ई. कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड निर्माण करीतच नाही. ते कार्य सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम आदींचे. मानक एका जीवाणूविषयी बोलते, बाटली त्याच्या सोबत्यांविषयी.

उलट दिशेनेही फसगत संभवते. भूजलात मुळातच सल्फाइड असल्यास विष्ठेचा अंशही नसताना बाटली काळी होते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील खोल विंधन विहिरींबाबत ही शंका आधी फेडून घ्यावी. पाणी भरताच काळेपणा आल्यास तो जीवाणूंचा नव्हे. विदर्भातील हिवाळी रात्रीही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत, कारण गारठ्यात वाढ मंदावते आणि ठरलेल्या वेळी पाहिलेली बाटली फसवी ठरते.

विकरावर आधारित चाचण्या १८ ते २४ तासांत ई. कोलाय नेमका दाखवितात, पण त्यांना उष्मायन पेटी व अतिनील दिवा लागतो. एटीपी-मापन काही मिनिटांत होते. मात्र ते सर्वच जिवंत पेशींचे असल्याने विष्ठाजन्य प्रदूषणाविषयी मौन बाळगते.

गावपातळीवर एकीऐवजी २० मिलिलिटरच्या पाच बाटल्या लावणे हा अधिक व्यवहार्य मार्ग होय. काळ्या बाटल्यांच्या संख्येवरून सल्फाइडजनक जीवाणूंचा संभाव्यतम अंदाज काढता येतो; पाचही स्वच्छ राहिल्यास तो १०० मिलिलिटरमागे १.१ हून कमी असतो. निकाल हाती येईपर्यंत लोक तेच पाणी पीत असतात, म्हणून त्याच दिवशी ओटी चाचणीने उर्वरित क्लोरीन पाहून टीसीएलची मात्रा ठरविणे आवश्यक ठरते.