जाहिरातीतला देव आणि मैदानातला खेळाडू

भारतीय क्रिकेटच्या जाहिरातींनी खेळाडूला देवपण देण्यासाठी वापरलेली चित्रभाषा मुळात कॅलेंडरवरची आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी सामान्य घरांच्या भिंतींवर पोहोचल्या. पुढे देवादिकांची चित्रे कंपन्यांच्या कॅलेंडरांवरही आली. अनेक हात, मस्तकामागचे तेजोवलय, हातातली आयुधे या खुणा निरक्षरालाही ओळखू येतात. जाहिरातकारांना त्या आयत्याच मिळाल्या.

१९८३ च्या विश्वविजयानंतर आणि नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्यावर क्रिकेटपटू हा बाजारातला सर्वांत मोठा चेहरा ठरला. सचिन तेंडुलकरला देव म्हणणारे फलक आधी प्रेक्षकांनी रंगवले; बाजाराने ती भक्ती उचलली. या रूपकातला धोका २०१३ मध्ये उघड झाला. ‘बिझनेस टुडे’च्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनी विष्णूच्या रूपात झळकला. हातांत आयुधांऐवजी विकाऊ वस्तू होत्या, त्यांत बूटही होता. चित्र जाहिरातींवर भाष्य करणारे होते, तरी फौजदारी तक्रारी खेळाडूवरही झाल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५ अ लागू होण्यासाठी धार्मिक भावना दुखावण्याचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देश असावा लागत असे, हे त्यात स्पष्ट झाले. कलेच्या अंगाने पाहता या चित्रातून धोनीच्या कमाईचा अंदाज येतो, फलंदाजीचा मात्र पत्ता लागत नाही.

बूट आणि पवित्र चिन्ह यांचा वाद केवळ भारतातला नाही. १९९७ मध्ये बुटावरील अक्षरे अरबीतल्या ‘अल्लाह’ या शब्दासारखी दिसतात, असा आक्षेप आल्यावर नायकीने सुमारे ३८ हजार जोड परत मागवले. राष्ट्रचिन्हाबाबत भारतीय नियम अधिक नेमका आहे: २००५ च्या दुरुस्तीने खेळाडूच्या गणवेशावर तिरंगा लावण्यास मुभा मिळाली, पण कमरेखाली तो चालत नाही.

देवत्वाचा आधार न घेताही अभिमान जागवता येतो. नायकीच्या २००७ च्या जाहिरातीत वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर, बसच्या टपांवर क्रिकेट रंगते आणि पार्श्वभूमीला कोंकणी गाणे वाजते. अभिनय देव यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रफितीत देश दिसतो तो खेळणाऱ्या माणसांतून. नायकीच्याच २०१६ च्या ‘दा दा डिंग’ या जाहिरातीत महिला खेळाडूंचा घाम आणि दम हाच विषय आहे.

खेळातली श्रद्धा खोटी नाही. महाराष्ट्रातल्या तालमीत मारुतीची तसबीर असते, मल्ल आखाड्याची तांबडी माती कपाळाला लावतो. तिथे माणूस देवापुढे नम्र होतो आणि मग मेहनतीला लागतो. जाहिरात याच माणसाला देव करते तेव्हा त्याची मेहनत झाकली जाते, पराभव अक्षम्य ठरतो आणि राष्ट्राभिमान एकाच धर्माच्या चिन्हांत अडकतो. संघ मात्र सर्व धर्मांच्या खेळाडूंचा असतो. म्हणून या कलेची खरी कसोटी खेळाडूचे कष्ट दाखवण्यात आहे.