मापटं आणि शीग

मंडळी, आज आम्ही एका मापट्यापासून सुरुवात करणार आहोत. समोर तरुण मुलं आहेत म्हणून सांगतो : दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. 1956 च्या कायद्यानंतर दशमान मापं आली आणि ही सगळी मंडळी माळ्यावर गेली. आमच्या घरातलं एक तेवढं राहिलं. आमच्या टेबलावर ते आहे, त्यात पेनं ठेवतो.

या मापट्याबद्दल आम्ही चाळीस वर्षं वर्गात एक गोष्ट सांगत आलो. आमची आजी दाराशी आलेल्याला याच मापट्यानं, शीग लावून, धान्य द्यायची. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढणारा ढीग. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ म्हणतो ना आपण, ती हीच. दातृत्व म्हणजे काय हे समजावताना आम्हाला कांटपेक्षा हे मापटं जास्त उपयोगी पडलं, हे कबूल करायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची अक्का, वय चौऱ्याऐंशी, घरी आली होती. तिच्यासमोर आम्ही नातवाला हीच गोष्ट सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आरं, आजी कुठली द्यायची? आणायची ती. शेजारनं उसनं. आणताना शीग लावून आणायची आन् देताना हातानं सपाट करून द्यायची.” नातू हसला. आम्हाला त्या रात्री झोप आली नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. हायडेगरनं 1935 च्या सुमारास कलाकृतीच्या उगमावर व्याख्यान दिलं. त्यात व्हॅन गॉगनं रंगवलेले जुने जोडे आहेत. त्या जोड्यांत हायडेगरला एक शेतकरीण दिसली. तिचे कष्ट, तिची माती, भाकरीची काळजी. फार सुंदर उतारा आहे, आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला. पुढे 1968 मध्ये मायर शापिरो या कला-इतिहासकारानं विचारलं, ही शेतकरीण आली कुठून? त्याच्या मते ते जोडे खुद्द चित्रकाराचे होते आणि चित्रकार तेव्हा शहरात राहत होता. नंतर देरिदा आला आणि म्हणाला, ही जोडी आहे हे तरी कशावरून? तो वाद आज सोडून देऊ. आमच्या कामाचं एवढंच की हायडेगरला त्याची अक्का तेहतीस वर्षांनी भेटली.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे दिवाळी अंकांत वस्तूंवरच्या आठवणींचं पीक आलंय. जातं, पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, आजीची चंची. यातलं पुष्कळ लेखन आम्ही प्रेमानं वाचतो, पण तक्रार आहे. जात्यावरच्या लेखात पहाट असते, ओव्या असतात. खांदे कुणाचे दुखायचे ते नसतं. कारण लिहिणारा बहुधा त्या वेळी गोधडीत असतो! वस्तू त्याला उलटून बोलत नाही, म्हणून तो तिला हवं ते बोलायला लावतो. याला आपण ‘स्वतःचा अर्थ शोधणं’ म्हणतो. शोधण्यात काही तरी चुकण्याची सोय हवी की नाही? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्यापायी धुतल्या जाणाऱ्या चिजा येतात, बाई त्यांत अर्थबिर्थ शोधत बसत नाहीत. काय धुतलं, त्यापायी कोणाचा जीव मेटाकुटीला आला ते सांगतात, आणि स्वतःची फजितीही लपवत नाहीत.

आपल्या कराडचंच पुस्तक घ्या. यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’, 1984 चं. आमच्या मते त्याचा आरंभीचा भाग सर्वांत जिवंत आहे. देवराष्ट्र्याला आजोळी 1913 साली झालेला जन्म, आईची अवघड सुटका, आजीनं सागरोबाला घातलेलं साकडं, त्यावरून पडलेलं नाव. यातलं त्यांनी स्वतः काहीच पाहिलेलं नाही, पाहणार कसं? वडीलही ते लहान असतानाच गेले. म्हणजे हे सगळं घरच्यांच्या तोंडून आलेलं. आणि नेमकं हेच आपल्याला त्यांचं ‘स्वतःचं’ वाटतं. पुढे पुस्तक चळवळीत शिरतं, 1946 पर्यंत येतं. इतिहास म्हणून मोलाचं, पण सभा, बैठका, माणसांची नावं यांच्या गर्दीत घर मागे पडतं.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. वेणूताईंचं लग्न जून 1942 मधलं. नवरा लवकरच भूमिगत, आणि पहिल्याच संक्रांतीच्या सुमारास नव्या सुनेला अटक. हा प्रसंग आपण यशवंतरावांच्या लेखणीतून वाचतो, आणि ते हळवेपणानं लिहितात यात शंका नाही. पण कोठडीत ती मुलगी काय विचार करत होती? तिची बाजू तिच्या हातानं आपल्यापुढे नाही. पुस्तक आलं 1984 मध्ये, वेणूताई त्याआधीच, जून 1983 मध्ये गेल्या होत्या. ‘असं नव्हतं हो’ म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. कराडात ‘विरंगुळा’ बंगला जपलेला आहे, गावात वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे. तिथं जाल तेव्हा जरूर हळवे व्हा. फक्त कुठली शेतकरीण आपण घरून बरोबर आणली आहे, तेवढं तपासा.

कुणी म्हणेल, मग खासगी अर्थ असा काही नसतोच का? असतो. पण तो एकट्याच्या मालकीचा नसतो, दुसऱ्या कुणाला तरी तो खोडता यायला हवा. आमची आजी सपाट मापानं परत देत होती हे कळल्यावर ती आम्हाला लहान वाटली नाही. तिच्या घरात किती ओढ होती हे पहिल्यांदा कळलं. चाळीस वर्षं आम्ही तिला दानशूर करून तिची उपासमार झाकत होतो.

आता आम्ही दर रविवारी अक्काला फोन करतो, आठवेल ते विचारतो, वहीत उतरवतो. तिलाही आता विसर पडायला लागलाय. परवा मापट्याचा विषय पुन्हा निघाला तर म्हणाली, “ते आपलं कुठं होतं? शेजारच्या काकूंचं. धान्यासकट आणलेलं, द्यायचं राहिलं.”

काकूंचं घर केव्हाच पडलं, मुलं पुण्याला गेली. त्यांचा पत्ता आम्ही शोधतो आहोत. पेनं तूर्त काढून ठेवली आहेत.