कळफलकाला लिपी कळते का?

रोजच्या वापरातल्या डिजिटल साधनाची रचना चांगली की वाईट, हे ठरवताना बहुधा एकच कसोटी लावली जाते : ते न शिकता वापरता आले पाहिजे. मला ही कसोटी अपुरी वाटते. मराठी टंकनाच्या साधनांना ती लावून पाहिली की तिचा तोकडेपणा उघड होतो. बोलून किंवा बोटाने गिरवून लिहिण्याच्या सोयी बाजूला ठेवल्या, तर आपल्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत : टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन मांडणी, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत आणि इन्स्क्रिप्ट. तिघींनीही लिपीविषयी काही एक समज गृहीत धरला आहे. समीक्षा करायची ती या समजाची.

यंत्राला कागदावर डावीकडून उजवीकडे ठसे उमटवायचे होते. म्हणून रेमिंग्टन मांडणीत ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी येते, मग ‘क’. ‘सर्व’मधला रफार ‘व’ उमटल्यावर येतो. यंत्रासाठी ते योग्यच होते. संगणकावर ती सक्ती राहिली नाही, सवय तेवढी राहिली.

रोमन पद्धत जवळजवळ शिकावी लागत नाही, हे तिचे मोठेच भांडवल. घाईच्या निरोपाला ती पुरते, हेही मान्य. पण बी-ए-एल या तीन कळा दाबल्या, की बल, बळ, बाल, बाळ यांपैकी नेमके काय हवे, हे साधनाला कळू शकत नाही. ते अंदाज बांधते किंवा यादी पुढे करते. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ हे भेद लिहिणाऱ्याच्या बोटांतून सुटतात आणि यादीवर सोपवले जातात. लिहिणारा निवडणारा होतो. काही पद्धतींत लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी हा भेद करता येतो. पण मग तेही शिकणेच झाले, आणि त्या शिकण्यातून मराठीविषयी काहीच हाती लागत नाही.

इन्स्क्रिप्ट शिकावे लागते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली, १९८८ साली सुधारली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’. लगतच्या वरच्या कळेवर ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. त-थ-द-ध आणि प-फ-ब-भ यांची घरेही याच रीतीने. नुसती कळ दाबली तर मात्रा, शिफ्टसह तोच स्वर. अनुनासिके या शिस्तीत बसत नाहीत, ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात. तरीही ज्याला वर्णमाला पाठ आहे, त्याला हा नकाशा अर्धा पाठच असतो. वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते आणि ‘सर्व’मधला ‘र’ ‘व’च्या आधी.

या रचनेचा खरा कस लागतो तो बारीक भेदांपाशी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. इन्स्क्रिप्टमध्ये पहिल्यात साधा ‘र’, दुसऱ्यात त्याच कळेवर शिफ्ट. पुढे दोन्हींत हलन्त, ‘य’ आणि काना. कानाला ऐकू येणारा फरक बोटालाही जाणवतो. ‘ळ’सुद्धा ‘ल’च्याच कळेवर शिफ्टसह आहे. इथे साधन अंदाज करत नाही; लिहिणाऱ्याने ठरवलेले उमटवते.

मात्र कळफलकाखालचा पाया डळमळीत असेल, तर मांडणी एकटी पुरी पडत नाही. ‘ॲप’मधले पहिले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवले जाई, आजही अनेक जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातला मजकूर निसटू शकतो. दिसायला एक असलेले अक्षर साधनाच्या पोटातही एकच असावे, ही लिहिणाऱ्याची रास्त अपेक्षा इथे मोडते.

इन्स्क्रिप्टचा सर्वांत मोठा दोष वेगळाच आहे : ते आपले शहाणपण सांगत नाही. ते संगणकात असते, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर फक्त रोमन अक्षरे छापलेली असतात. शाळेत वर्णमाला घोकणाऱ्या मुलाला, तीच रांग बोटांखाली मांडून ठेवली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. चांगली रचना अशी अबोल राहिली, की सोपी वाटणारी रचना जिंकते.

म्हणून माझी कसोटी अशी : साधन शिकावे लागते का, यापेक्षा शिकल्यावर काय कळते, हे पाहावे. रेमिंग्टनमधून यंत्राची सवय कळते, रोमनमधून स्पेलिंगची. इन्स्क्रिप्टमधून आपली लिपी कळते आणि हे ज्ञान मराठीपुरते उरत नाही. गुजराती वा कन्नड इन्स्क्रिप्टमध्येही ‘क’ त्याच कळेवर सापडतो. पहिल्या काही दिवसांचे कष्ट वाचवण्यासाठी ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा निर्णय आयुष्यभर यादीवर सोपवणे, हा सौदा मला तरी महागाचा वाटतो.