राजवर्षांची गणना आणि बखरीचे कार्य

बखर वाङ्मयाच्या विश्वसनीयतेची चर्चा मराठीत वि. का. राजवाडे यांच्या काळापासून होत आली आहे. समकालीन कागदपत्रांच्या कसोटीवर बखर उणी ठरते, हा तिचा सर्वसाधारण निष्कर्ष होय. राजचरित्राला त्याच्या काळात कोणते कार्य पार पाडावयाचे होते, हा प्रश्न मात्र तीत मागे पडला. सभासद बखरीच्या शेजारी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची चरित्रसाधने ठेवली असता या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

जेधे शकावली प्रमाण मानल्यास शिवाजी महाराज आणि चार्ल्स यांचे जन्मवर्ष एकच, १६३०. शत्रूच्या हातून वेषांतराने निसटणे आणि विलंबाने झालेला राज्याभिषेक, हे प्रसंगही दोन्ही चरित्रांत आहेत. साम्य येथेच संपते.

चार्ल्सच्या पित्याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला आणि राजपदच रद्द करण्यात आले. १६६० मध्ये चार्ल्स परतला तेव्हा त्याची राजवर्षे पित्याच्या मृत्युदिनापासून मोजण्यात आली. त्यामुळे त्या वर्षीचे कायदे त्याच्या बाराव्या राजवर्षाचे ठरले. वितळविलेली राजचिन्हे नव्याने घडवून १६६१ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे अभिषेक झाला. अकरा वर्षांचा खंड कायद्याच्या कालगणनेने पुसून टाकला. रायगडावर ६ जून १६७४ रोजी याच्या नेमके उलट घडले. तेथे मागे नेऊन जोडावी अशी गणनाच नव्हती. राज्याभिषेक शक त्या दिवसापासून सुरू झाला.

जे काम इंग्लंडमध्ये कायद्याने केले, ते मराठीत कथनाला करावे लागले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तीत गागाभट्टांच्या मनातील विचार येतो: मुसलमान बादशहा तख्तावर बसून छत्र धरतात, तर त्यांना नमविणाऱ्या राजाला तख्त का नसावे? त्यानंतर वंशाचा शोध, मौंजीबंधन आणि बत्तीस मण सोन्याचे सिंहासन असा क्रम लागतो. या आकड्याकडे केवळ अतिशयोक्ती म्हणून पाहणे अपुरे आहे. पूर्वपरंपरेच्या अभावी सिंहासनाचे वजनही अधिकाराचा पुरावा होते. हा अधिकार स्वकीयांतही वादातीत नव्हता. निश्चलपुरी गोसाव्यांनी सप्टेंबर १६७४ मध्ये तांत्रिक विधीने दुसरा अभिषेक केला आणि ‘श्रीशिवराज्याभिषेककल्पतरू’ या ग्रंथात पहिल्या अभिषेकातील उणिवा दाखविल्या गेल्या.

सुटकेच्या कथनातही हाच भेद दिसतो. १६५१ मधील वूस्टरच्या पराभवानंतरची भ्रमंती चार्ल्सने १६८० मध्ये न्यूमार्केट येथे सॅम्युएल पेपिसला स्वतः सांगितली. ओकच्या झाडात लपलेला, लाकूडतोड्याच्या वेषातला हा पुरुष मुळातच राजा आहे. वेष जितका हीन, तितकी कथा रंजक होते. त्याच्या राजत्वाला धक्का लागत नाही. आग्र्याहून सुटणारा सभासदाचा नायक अद्याप अभिषिक्त नाही. त्याची युक्ती हीच त्याच्या योग्यतेची साक्ष ठरते. म्हणूनच एकीकडे राजा स्वतः गंमतीने बोलू शकतो, तर दुसरीकडे सेवक, पुत्राच्या आज्ञेने, गांभीर्याने लिहितो.

या दोन कथनविश्वांची गाठ हेन्री ऑक्झेंडनच्या वृत्तान्तात पडते. विवाहाच्या करारातून चार्ल्सला लाभलेली मुंबई १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली होती. कंपनीचा वकील म्हणून रायगडी आलेल्या ऑक्झेंडनने सिंहासनालगतचे सुवर्णमत्स्य, अश्वपुच्छे आणि न्यायाचा तराजू टिपला. त्याच्या नोंदींचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्याला दिसली ती सिद्ध झालेली सत्ता. त्याचे प्रयोजन व्यापारी तहाचे होते. राजत्व सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

प्रत्यक्षदर्शी वृत्तान्ताच्या मापाने बखर मोजणे म्हणजे ज्या समाजाला आपले राजपद गृहीत धरता येत होते, त्याची चरित्रदृष्टी सार्वत्रिक मानणे होय. बखरीतील तपशिलांची छाननी आवश्यकच आहे. तथापि ती करताना सभासदाची अतिशयोक्ती कोणत्या रिकाम्या जागी उभी आहे, हेही तौलनिक अभ्यासाने पाहिले पाहिजे.